थोरलीचे सात आवाज

आमच्या भावोजींना सगळे कर्नल म्हणतात आणि ते एक दिवससुद्धा लष्करात नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी माझ्यावर डाफरायला नको. भरतीला गेले होते, एकोणिसाव्या वर्षी, नवा कोरा बनियन घालून. तिथल्या डॉक्टरने ओले पाय करून फरशीवर उभं केलं, खाली वाकून ठसा बघितला आणि म्हणाला, “पाय सपाट आहेत. पुढचा.” लष्कराने भावोजींना घेतलं नाही, म्हणून सात वर्षांनी भावोजींनी लष्कराचा ट्रक घेतला. अजूनही एखादा निवृत्त फौजी चहा पिताना विचारतो, “कोणती पलटण?” भावोजी अगदी गंभीर तोंडाने सांगतात, “सपाट पायांची.” समोरचा दोन मिनिटं आठवत बसतो.

तो ट्रक म्हणजे थोरली. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव होता आणि तिथे सुटी वस्तू मिळत नसे, ढीगच घ्यावा लागे. भावोजींच्या ढिगात थोरली, तिचे सुटे भाग काढायला दुसरा एक अर्धा ट्रक आणि एक सीलबंद लाकडी पेटी. पेटीत काय असेल म्हणून भावोजी आठवडाभर हवेत. उघडली तर आत दिव्यांवर बसवायच्या चाळीस काळ्या टोप्या. युद्धाच्या काळात विमानांना उजेड दिसू नये म्हणून हेडलाइटवर लावतात त्या. नवीनच लग्न होऊन आलेल्या माझ्या ताईने पेटी बघितली, नवऱ्याकडे बघितलं आणि टोप्यांमध्ये साबण ठेवायला सुरुवात केली. आमच्या नात्यातल्या एकूण एक घरात ती साबणदाणी आहे.

मी ताईचा धाकटा भाऊ. बॅटऱ्या आणि वायरिंग ही माझी कामं, म्हणून मला बॅटरी म्हणतात. अठराव्या वर्षी भावोजींकडे आलो तो आजतागायत थोरलीत त्यांच्या शेजारी बसतोय. आता कोणी म्हणेल, चाळीस वर्षं एका ट्रकमध्ये काय ठेवलंय? ठेवलंय ते असं की थोरलीला तीन एक्सल आहेत आणि तिन्हींना इंजिनाचा जोर पोचतो. नव्या चकचकीत गाड्या जिथे चिखलात बसून रडतात, तिथून ती चार टन पाठीवर घेऊन बाहेर येते, ताशी आठच्या वेगाने, पण येते. विजेचे खांब, टेकडीवरची पाण्याची टाकी, नदीत घुसलेली बस, सगळं आम्ही केलंय. माणसांनी नाकं मुरडली, “हे डबडं?” म्हणाली, आणि संध्याकाळी त्याच माणसांनी भावोजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले.

तिचा गिअर टाकणं मात्र सोपं काम नाही. हल्लीच्या गाड्यांचे गिअर लाडावलेले, कसेही ढकला, बसतात. थोरलीचा क्लच एकदा दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज नेमका हव्या त्या पट्टीत आला की पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. पट्टी चुकली की आतून असा खडखडाट होतो की बाहेरून जाणाऱ्याचे दात शिवशिवावेत. वेगाचा काटा आम्ही तिला घेतलं तेव्हापासून शून्यावर झोपलेला आहे. सगळा कारभार कानावर.

आणि भावोजींचे कान गेले.

एकदम नाही गेले. ताई म्हणते, “लग्नानंतर तीस वर्षं हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आता न ऐकता ऐकल्यासारखं करतात, त्यामुळे मला फरक कळायला वेळ लागला.” मला आधी कळलं. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी बघतो तर भावोजींनी डाव्या पायातला बूट काढून सीटखाली ठेवलेला आणि अनवाणी पाय पत्र्यावर टेकवलेला. विचारलं तर म्हणाले, पायाला हवा लागते. हवा कसली, इंजिनाची थरथर पायातून घेऊन त्यावर गिअर टाकत होते. आणि एकही चुकला नाही. डॉक्टरने नापास केलेल्या त्याच सपाट पायाने. मला इतका अभिमान वाटला त्यांचा, आणि भीतीही.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “बॅटरी, कसला आवाज येतोय का रे?”

येत होता. तिसऱ्या गिअरमध्ये थोरली बारीक कण्हायला लागली होती, लहान पोर भूक लागल्यावर कण्हतं तशी. पण भावोजींच्या डोळ्यांत बघितलं आणि माझ्याने सांगवलं नाही. मी म्हणालो, “कसला आवाज? मस्त चाललीय.” त्यांचा चेहरा असा खुलला की मी रविवारी, ते ताईबरोबर बाहेर गेल्यावर, गिअरबॉक्सचं झाकण काढून आत बघितलं. दात थोडे झिजलेले, बाकी ठणठणीत. तेल बदललं, झाकण लावलं, हात धुतले.

तेव्हापासून हा माझा धंदाच झाला. आवाज मी ऐकायचे, गुपचूप खाली शिरून बघायचं, काही गंभीर असेल तर दुसऱ्या दिवशी साळसूदपणे म्हणायचं, “भावोजी, इथला नट ढिला दिसतोय हो.” किरकोळ असेल तर सोडून द्यायचं. मागच्या गाड्यांच्या हॉर्नसाठी मी शेजारी होतोच. आठ वर्षं मी रोज “मस्त चाललीय” म्हणत आलो आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. आता वाटते.

मग गेल्या महिन्यात भाची आली. ताई-भावोजींची एकुलती एक लेक. शहरात कानांच्या दवाखान्यात कान तपासायचं काम करते, आणि स्वतःच्या बापाचे कान तिला आठ वर्षं कोणी दाखवले नाहीत, यावरून तिने आम्हा तिघांना ओळीत उभं करून जे झापलंय! एका दिवसात भावोजींच्या दोन्ही कानांत वाटाण्याएवढी यंत्रं बसली. भावोजींनी पहिल्यांदा ऐकलं ते ताईच्या पायातल्या सपातांचं फटफट. ते ऐकत अर्धा तास तिच्या मागे स्वयंपाकघरात हिंडले. ताई वैतागून म्हणाली, “अहो, ते यंत्र परत द्या.”

चार दिवस घरात नुसता आनंद. पाचव्या दिवशी, सोमवारी, भावोजींनी थोरली सुरू केली.

इथे माझं डोकं कुठे गेलं होतं, मला माहीत नाही. यंत्र घालून माणूस ट्रकमध्ये बसणार, म्हणजे त्याला ट्रक ऐकू येणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. भावोजींनी अंगणातून एक चक्कर मारली आणि परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

“बॅटरी, परवापर्यंत काहीच नव्हतं ना?”

आणि मी, चाळीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लेला मी, म्हणालो, “नाही हो. काही नव्हतं.”

पुढचे चार दिवस कसे गेले ते आठवलं तरी घाम फुटतो. त्यांच्या हिशेबाने एका आठवड्यात, एकाच वेळी, थोरलीच्या अंगातून सात नवे आवाज निघाले होते. सोमवारी त्यांनी मागचे स्प्रिंगचे पाटे सोडवले. मंगळवारी गिअरबॉक्स उघडला. बुधवारी पुढच्या चाकांचे जॉइंट. प्रत्येक भाग हातात घेऊन उजेडात फिरवायचे, ठीक आहे म्हणून परत बसवायचे, आणि गाडी सुरू केली की आवाज जिथल्या तिथे. एखादा बंद झालाच तर त्याच्या आड लपलेला दुसरा मोठा वाटायचा. जेवणावरची वासना उडाली. गुरुवारी दुपारी हात पुसत म्हणाले, “सगळं ठीक दिसतंय आणि सगळं वाजतंय. म्हणजे लोखंडच थकलंय, बॅटरी. ती संपली.”

पुढच्या आठवड्यात आम्हाला नदीपलीकडच्या वस्तीसाठी पादचारी पुलाच्या लोखंडी तुळया न्यायच्या होत्या. धोंड्यांच्या पात्रातून, मग समोरचा उभा चढ. पलीकडची पोरं पाणी वाढलं की शाळा बुडवतात, म्हणून तो पूल. भावोजींनी पुलाच्या इंजिनिअरला फोन करून सांगितलं, दुसरी गाडी बघा. “चढावर काही तुटलं तर मागून माणसं चालत असतात. मी कोणाचा जीव घेणार नाही.” मग दुसरा फोन भंगारवाल्याला. शुक्रवारी सकाळी अकरा.

ताई मला विहिरीपाशी गाठून म्हणाली, “तू काहीतरी बोल.” तिला सगळं ठाऊक होतं. वर म्हणाली, “नाहीतर मी बोलते, आणि मी बोलले तर तुझं काही खरं नाही.”

शुक्रवारी साडेदहाला भावोजी थोरलीच्या पुढच्या बंपरवर बसले होते. पाठ माझ्याकडे. अंगणाच्या फाटकातून भंगारवाला आत येत होता, ठरलेल्या वेळेच्या आधी, कारण माल चांगला असला की त्याला दम निघत नाही. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. भावोजींच्या मागे उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. तिसऱ्या गिअरचं कण्हणं आठ वर्षांचं आहे. पाट्यांची करकर सात. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, मला कळलं होतं, मी रोज थापा मारत होतो, माझं चुकलं, मला दोन मुस्कटात द्या पण तिला भंगारात देऊ नका. बोलता बोलता रडायलाच लागलो. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा.

भावोजी ढिम्म. हलले नाहीत.

मग ते वळले, मला बघून दचकले, आणि शर्टाच्या खिशातून दोन्ही यंत्रं काढून कानात बसवत म्हणाले, “कधी आलास? तिचा आवाज ऐकवत नव्हता म्हणून काढून ठेवली होती. रडतोस कशाला?”

सगळं पुन्हा सांगावं लागलं. पहिल्यांदा जे मनापासून निघालं होतं ते दुसऱ्यांदा कसं निघणार? अडखळत, क्रम चुकवत, आणि यंत्रं नीट बसेपर्यंत ओरडून. गल्लीतली माणसं कुंपणाशी आली. ताई दारात. भंगारवाला आमच्या मधोमध, एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत.

“आठ वर्षं?” भावोजी म्हणाले.

“हो.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

मला वाटलं, संपलं, चाळीस वर्षांचं नातं आज इथे बंपरवर संपलं. मग ते उठून ड्रायव्हरच्या सीटवर चढले आणि म्हणाले, “बस वर. एकेक सांग.”

मी बसलो. भंगारवाला न विचारता बाहेरच्या पायरीवर चढला, ही मजा सोडणार थोडाच. थोरली सुरू झाली आणि आम्ही अंगणातून गोल फिरायला लागलो.

“ही करकर?”

“पाटे. सात वर्षं. दोनदा ग्रीस लावलं, ऐकत नाहीत.”

“वळताना टकटक?”

“पुढचा डावा जॉइंट. पाच वर्षं. तुमच्या मांडीचं हाड मोडलं होतं ना, त्याच महिन्यात सुरू झाली.”

“फुसफुस?”

“सायलेन्सरचा जोड. तीन. तो तर मीच वाकडा बसवलाय.”

भावोजी आधी चिडलेले होते, मग त्यांची भुवई वर चढली, आणि चौथ्या चकरेला त्यांच्या मिशीखाली हसू दिसायला लागलं. “म्हणजे हे सगळं घेऊन ती टाकी टेकडीवर चढली?” “चढली.” “आणि ती बस?” “बसपण.” त्यांनी हाताने डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं. माझा जीव भांड्यात पडला. सहा आवाज झाले होते, सहाच्या सहा जुने, सहाच्या सहा मला पाठ.

“आणि ही शिट्टी?” भावोजी म्हणाले.

“कोणती?”

“ही. आत्ता. बारीक.”

मी कान दिला. करकर, टकटक, फुसफुस. शिट्टी नाही. मी म्हणालो, “यंत्राची असेल. नवीन आहे ना, वाजत असेल.”

खिडकीतून भंगारवाल्याने डोकं आत घातलं. “मागनं येतेय. डाव्या बाजूनं.”

दारातून ताई ओरडली, “दोन महिने झाले की तिला. गाडी गल्लीत शिरली की मला आधी तीच ऐकू येते. मला वाटलं, याला माहीत असेल.”

कुंपणाशी उभ्या असलेल्या बायकांनीही माना हलवल्या. सगळ्या जगाला ती शिट्टी ऐकू येत होती.

भावोजींनी गाडी थांबवली. जॅक लावून मधलं डावं चाक उचललं. भंगारवाला मदतीला धावला आणि पान्यावर उभा राहून नाचला तरी नट हलेना, कारण थोरलीच्या डाव्या बाजूचे नट उलटे आहेत, घट्ट करायच्या दिशेने फिरवले की सुटतात. एरवी भावोजी अशा माणसाला पाच मिनिटं नाचू देतात. त्या दिवशी त्यांनी लगेच पाना घेतला. चाकाच्या मधला हब उघडला. आतलं ग्रीस वाळून खपली झालेलं, आणि बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडलेले. जवळच्या, हलक्या फेऱ्या होत्या म्हणून इतके दिवस निभावलं. चार टन तुळया घेऊन त्या चढावर गेलो असतो तर बेअरिंग अडकलं असतं आणि चाक निघून मागच्या माणसांवर गेलं असतं.

भावोजींनी ते बेअरिंग माझ्या हातात दिलं. मीच म्हणालो, “मला ऐकू नाही आली हो.” आणि म्हणताना पहिल्यांदा कळलं की आपण काय म्हणतोय. आठ वर्षं ज्या कानांच्या भरवशावर मी त्यांना गाडी चालवू दिली, ते कान कधी दगा द्यायला लागले, मला पत्ताच नव्हता. माझ्या कानांचं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. ऐकणारा माणूस म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो.

भंगारवाला रिकाम्या हाताने जायला नको म्हणून भावोजींनी त्याला ते बेअरिंग दिलं. त्याने ते नाक मुरडत खिशात घातलं, पण चहा दोन कप प्याला.

तुळया पुढच्या बुधवारी गेल्या, ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर नको. इंजिनिअरला परत फोन केला, अर्ध्या ट्रकमधून काढलेलं बेअरिंग घातलं, बाकीच्या पाचही हबांचं ग्रीस बदललं, आणि थोरली सहा आवाज काढत चढ चढली. इंजिनिअर मागून बूट चिखलात रुतवत येत होता. पूल आता उभा आहे.

पण त्याआधी, शनिवारीच, भावोजींनी मला बखोट धरून भाचीच्या दवाखान्यात नेलं. मी म्हणालो, आधी तुळया नेऊ. म्हणाले, “आधी कान.”

तिथे काचेची एक खोली होती. मला आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, बस्स. काचेपलीकडे भाची यंत्राशी. पहिले दोन-तीन आवाज आले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग माझ्या लक्षात आलं, भाची आवाज सोडते तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित हलतो. झालं काम. खांदा हलला की बटण, खांदा हलला की बटण. भाची खूश होऊन मान डोलवायला लागली. मीही खूश. म्हटलं, काही बिघडलेलं नाही आपलं, ती शिट्टीच काहीतरी विचित्र असणार.

दार उघडलं आणि भावोजी आत आले. त्यांनी माझ्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“खांद्याकडे बघतोयस.”

मी पटकन नजर हातातल्या बटणावर वळवली.

“मी आठ वर्षांपूर्वी एकटाच गेलो होतो तपासायला. दुसरीकडे, कोणाला न सांगता. तिथल्या बाईंचा अंगठा हलायचा. सगळे बरोबर आले माझे. बाईंनी शाबासकी दिली. घरी येऊन नळ सोडून रडलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुला विचारलं, कसला आवाज येतोय का रे.”



त्यांनी हेडफोन माझ्या कानावर नीट बसवला, बाहेर गेले, आणि भाचीच्या आणि काचेच्या मधोमध माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. भावोजींची पाठ चांगली रुंद आहे. मला भाची दिसेना, खांदा दिसेना, नुसता त्यांचा शर्ट. मग मी डोळे मिटून घेतले आणि जेवढं ऐकू आलं तेवढ्यालाच बटण दाबलं. फार वेळा दाबावं लागलं नाही.